हाडाला हीट ट्रीटमेंट

आईशप्पथ, पुढचा शब्द न् शब्द खरा आहे! म्हणजे, निम्मा तरी. हीट ट्रीटमेंटवाल्यांचे किस्से स्क्रॅपच्या बिनसारखे असतात. आज रिकामा करा, पुढच्या शिफ्टला पुन्हा काठोकाठ! चाकणच्या कंपनीत आम्ही आयुष्यभर गिअर भट्टीत लाल केले, तेलात बुचकळले, कडक केले. आणि पन्नाशी उलटल्यावर कळलं, की आमच्याच घरातली हाडं भुसभुशीत!

*

कँटीनमध्ये हाडं तपासायचं फुकट शिबिर लागलं. मशीनवर टाच ठेवायची, आकडा येतो. पहिला नंबर क्वालिटीतल्या सोनवणेचा. मशीनवाली मुलगी म्हणाली, "काका, पाय ठेवा."

"आधी कॅलिब्रेशनचा स्टिकर दाखवा."

बिचारीनं मशीन उलटंपालटं केलं. स्टिकर सापडला, पण मुदत संपलेला! सोनवणेनं मोजे चढवले आणि मशीनला 'रिजेक्ट'चा लाल टॅग लावून निघून गेला. शिबिर तिथंच खलास!

*

आमच्याकडे नवा माणूस आला, की एक विधी असतो. नुसता तेलात बुचकळलेला, टेम्परिंग न केलेला, म्हणजे पुन्हा मंद तापवून चिवट न केलेला पार्ट त्याच्या हातात द्यायचा. "भाऊ, लय कडक हाय, आपटून बघ!" तो आपटतो. पार्टचे तुकडे होतात, त्याचा चेहरा पडतो आणि सगळ्यांचा चहा त्याच्या नावावर!

हा विधी सुरू केला आमच्या दत्ता मोरेनं. हे लक्षात ठेवा.

*

दत्ताची बायको, म्हणजे आमची वहिनी, काळेवाडीच्या घरात बाथरूममध्ये घसरली. नुसता हात टेकला, तर मनगट मोडलं. स्कॅन काढला. ऑस्टिओपोरोसिस! डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, "पुढच्या वेळी खुबा मोडला, तर अंथरूण धराल."

दत्ता हादरला. दोन दिवस डबा तसाच परत नेला. तिसऱ्या दिवशी मोबाइल नाचवत आला. "राव, फ्लोराइडनं हाडाची डेन्सिटी वाढते! म्हणजे हाडाला हीट ट्रीटमेंटच की! हे तर आपलं काम!"

*

फ्लोराइड कुठं मिळतं? दत्ताच्या सासुरवाडीला! मराठवाड्यातलं गाव, तिथल्या जुन्या बोअरच्या पाण्यात भरपूर. सगळ्या गावाचे दात पिवळे. पुढारी लोकही तोंड मिटून हसतात!

दत्तानं मेहुण्याला कामाला लावलं. ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पाण्याचे कॅन येऊ लागले.

"तुझ्या वडिलांकडं बघ," तो वहिनीला म्हणाला. "एवढं वय झालं, पण पाठ कशी ताठ! वाकत नाहीत!"

"अहो, वाकत नाहीत असं नाही. त्यांना वाकता येत नाही! चप्पल घालायला दोन माणसं लागतात."

पण दत्ता ऐकतोय होय!

*

वर्षानं पुन्हा स्कॅन. डेन्सिटी वाढलेली! दत्ता रिपोर्ट घेऊन एकटाच डॉक्टरांकडं छाती काढून गेला. मी तिथंच होतो.

"डॉक्टर, तुमच्या गोळ्या राहू द्या. ही आमच्या बोअरची कमाल!"

डॉक्टरांनी सगळं ऐकलं आणि चष्मा काढला. "अहो मोरे, एके काळी फ्लोराइड औषध म्हणून देऊन बघितलंय. स्कॅनमध्ये घनता झकास वाढायची. पण हाडं मोडायची ती मोडायचीच. घट्ट, पण ठिसूळ! तुम्ही काम काय करता?"

"हीट ट्रीटमेंट," दत्ता पुटपुटला.

"मग मी काय सांगू?"

*

दत्ता रिक्षा करून घरी. दारातूनच ओरडला, "ते पाणी बंद! आत्ताच्या आत्ता! तुला काही झालं तर..."

वहिनी भाजी निवडत होती. "मी कुठं पितेय? मी आपल्या डॉक्टरांच्या गोळ्या घेते."

"मग एवढे कॅन?"

"माहेरचं पाणी, ओतून द्यायला जीव होईना. वर्षभर तुमच्या चहाला वापरलं."

दत्ता मटकन खाली बसला. मग आठवण झाली, बसताना जपायला हवं होतं!

संध्याकाळी माळ्यावरचा डबा काढायला तो स्टुलावर चढू लागला. वहिनीनं दंड धरून उतरवला आणि स्वतः चढली. "तुम्ही खाली थांबा. पडलात तर फुटाल!"

आता यात खोटं काय, ते सांगतो. दत्ता मोरे नावाचा माणूस आमच्या कंपनीत कधीच नव्हता. वहिनी मात्र खरी. आत्ताच आतून ओरडली, "अहो, चहा टाकू का?"