सरांचा खोकला

धाकटी जाऊ मोरीत वाकली आणि तिने रक्त टाकलं. थुंकीत लाल रेघ वगैरे नव्हे, तांब्याभर रक्त. रिक्षावाल्याला फोन लावायला मी तिचा मोबाईल उचलला, तर त्यात तीन आठवड्यांपूर्वी आलेला निकाल तसाच होता. हिरव्या अक्षरांत: निरोगी.

"बाई, मशीन तर म्हनलं व्हतं..." एवढंच बोलून ती फरशीवर बसली.

दवाखान्यात थुंकी तपासली. क्षय. डॉक्टर म्हणाले, उशीर केलात, जगेल का ते आत्ताच सांगता येत नाही.

ते मशीन माझ्याच अंगणात आलं होतं. हिंजवडीशेजारच्या माण गावात आमच्या भातखाचरांच्या जागी आता खोल्या आहेत. वरच्या खोलीत परभणीची एक मुलगी भाड्याने राहते. ती हिंजवडीत नोकरी करते आणि सुट्टीला क्लासला जाते. आजारांच्या संशोधनासाठी कम्प्युटरला कसं शिकवायचं, ते तिथे शिकवतात. तिच्या क्लासच्या सरांनी खोकल्यावरून क्षय ओळखणारं मशीन केलं होतं. एका रविवारी ते गल्लीतल्या लोकांना तपासायला आले. माझ्या खुर्चीत बसले, माझा चहा प्यायले. जाऊ तेव्हा खोकल्यासाठी दवाखान्यात निघाली होती. मीच तिला थांबवलं, "आदी हितं खोकून दाव." तो दोष माझा, तो मी दुसऱ्यावर ढकलत नाही. पण निकाल आल्यावर सर म्हणाले, "आता थुंकी तपासायची गरज नाही, आजी. उगाच रांगेत कशाला उभं राहायचं?"

हा दोष त्यांचा. तो मी त्यांना परत करायचं ठरवलं.

जावेला दाखल करून घरी आले आणि मुलीला सांगितलं, "खोली खाली कर." ती रडायला लागली.

"रडू नगं. त्यापरीस मला शिकीव. त्ये मशीन शिकतं कसं?"

मी चौथी पास. तिने मला शिकवलं. आजारी माणसांचे खोकले एका बाजूला द्यायचे, धडधाकटांचे दुसऱ्या बाजूला. दोन्हींत फरक काय, ते मशीन आपलं आपण शोधतं.

"काय शोधलं त्यानं?"

"ते नक्की सांगता येत नाही, आजी."

"मग बरुबर शोधलं कशावरनं?"

"थोडे खोकले बाजूला ठेवून त्याची परीक्षा घेतो. जवळजवळ सगळी उत्तरं बरोबर आली."

"आजारी कुटनं आनले?"

"सरांनी दवाखान्यात, क्षयाच्या वॉर्डात रेकॉर्ड केले. धडधाकटांचे मी इथे, तुमच्या अंगणात."

"आन परीक्षेचे?"

"त्यातलेच."

म्हटलं, ऐकव. ती कामावरून आली की मी कानाला हेडफोन लावून बसायचे. पहिल्या दिवशी नुसते खोकले ऐकले, काही हाती लागलं नाही. दुसऱ्या दिवशी खोकला सोडला आणि त्याच्या मागचं ऐकलं. आजारी माणसाच्या मागे वॉर्डातला पंखा घरघरत होता. एकाच्या नव्हे, सगळ्यांच्या. माझ्या अंगणात पंखा कुठला? मशीन क्षय शिकलंच नव्हतं. पंखा शिकलं होतं.

"सरांना आत्ताच मेल करते," मुलगी म्हणाली.

"मेल न्हाई. माझ्या जावेला चारचौघांत निरोगी ठरवलं, आता त्येंचीबी तपासनी चारचौघांतच व्हईल."

दुसऱ्याच दिवशी क्लासचा कार्यक्रम होता. गल्लीत तपासलेल्या बाकीच्यांना मी आदल्या दिवशीच सांगायला हवं होतं. मी एक दिवस थांबले, कबूल आहे.

कार्यक्रमात सरांनी मशीन दाखवलं, टाळ्या झाल्या. मी पिशवीतून टेबलफॅन काढून पुढे गेले.

"सर, तुमी खोका."

ते हसत खोकले. निरोगी. पुन्हा टाळ्या.

मी फॅन लावला. "आता खोका."

पडद्यावर लाल अक्षरं आली: क्षयाची शक्यता.

"आरं द्येवा! त्वांडाला रुमाल लावा, सर. सकाळपास्नं कुनाकुनाच्या जवळ बसलात?"

हॉल हसला. सरांचे कान लाल झाले. "आजी, हे अजून प्राथमिक अवस्थेत आहे."

"माझी जाऊबी प्राथमिकच व्हती. आता नाकात नळी हाय तिच्या."

मग कोणी हसलं नाही. मी मुलीकडून यादी घेतली आणि गल्लीत ज्यांना निरोगी ठरवलं होतं त्या प्रत्येकाला सरांना तिथूनच फोन करायला लावला. "माझं मशीन चुकलं, थुंकी तपासून घ्या." तिसरा फोन गल्लीतल्या एका म्हातारीला होता, तिथे त्यांचा आवाज बसला.

"मोठ्यानं बोला," मी म्हटलं. "म्हातारीला ऐकू कमी येतं."

मला त्यांची दया आली नाही. आजही येत नाही. त्याच म्हातारीच्या थुंकीत क्षय निघाला, ती औषधावर आहे. मुलगी वरच्या खोलीतच आहे. ती नव्याने खोकले गोळा करते, आजारी आणि धडधाकट दोघांचे एकाच खोलीत, एकाच फोनवर.

जाऊ वीस दिवस दवाखान्यात होती. नंतर सहा महिने गोळ्या घेतल्या. ती जगली.