आवाजाची बाजू दादाकडे

गुरुवारी आमच्याकडे कारखाने बंद असतात आणि लाईटही हमखास जाते. ती यायची वाट बघत दादा गच्चीवर कपडे वाळत घालायचा, आईला भाजी निवडून द्यायचा, आणि मी हिंजवडीहून कंपनीच्या कॅबमध्ये बसून ट्रॅफिकला शिव्या घालत घरी येत असायचे. मी आले की चहा, आणि चहा झाला की आतल्या खोलीत गेम. जगात फारसं कुणी खेळत नाही असे गेम शोधायचे, दोघांनी मिळून खेळायचे आणि त्यांचं मराठीत परीक्षण करून इंटरनेटवर टाकायचं, हा आम्हा भावाबहिणीचा उद्योग. आई त्याला रिकामटेकडेपणा म्हणायची, पण आमचं रेकॉर्डिंग चालू असताना कुकर लावायची नाही.

मोठमोठ्या गेमांवर बोलणारे पायलीचे पन्नास मिळतात. आम्हाला आवडायचे ते कुणीतरी एकट्याने घरात बसून बनवलेले. गटाराचे पाइप जोडत शहर बुडण्यापासून वाचवायचं, असा एक होता. गोगलगायींच्या शर्यतीचा होता, त्यात एक शर्यत संपेपर्यंत आईच्या सगळ्या भाकरी थापून व्हायच्या. बंद पडलेल्या हॉटेलात नुसत्या खुर्च्या नीट लावत फिरायचं, असाही एक होता आणि तो मला इतका आवडला की त्याच्याबद्दल मी एकटीच अर्धा तास बोलत बसले. बघणारे थोडे होते, पण जे होते ते टिकून होते.

कामाची वाटणी पहिल्यापासून ठरलेली. चित्र, गोष्ट, खेळायला सोपं की अवघड, हे मी बोलायचं. आवाजाची बाजू दादाकडे. मी खेळायचे आणि तो डोळे मिटून, हेडफोन लावून शेजारी बसायचा. मग सांगायचा, लाकडावर चालताना आणि फरशीवर चालताना पाऊल सारखंच वाजतंय, हा आळशीपणा आहे. किंवा, पाऊस चांगला आहे, पत्र्यावरचा वेगळा आणि झाडावरचा वेगळा घेतलाय. एकदा आम्ही एक भुताचा गेम घेतला. मी घाबरून पाय खुर्चीवर घेऊन बसले होते, आणि हा डोळे मिटूनच म्हणाला, ही भुताची फुंकर नाही, हवेची लाईन लीक आहे, आमच्या कारखान्यात होते तशी. त्या वाक्यावर लोक इतके खूश झाले की पुढे प्रत्येक भुताच्या गेमला, भाऊ, लाईन लीक आहे का, अशी विचारणा सुरू झाली. मी इतकी मरमर करून बोलायचे आणि लोक यायचे ते दादासाठी. मला राग यायचा, थोडासा. बराचसा अभिमान वाटायचा.

दादा चाकणला प्रेसवर होता. पत्र्याचे भाग ठोकणाऱ्या मोठ्या मशिनी, एकीशेजारी एक. बारावीनंतर बीडहून इकडे आला तो थेट तिथेच लागला. कंपनीने कानात घालायला दोरी लावलेले बोळे दिले होते, आणि ते सगळ्यांच्या गळ्यात लोंबत असायचे. सेफ्टीचे साहेब राउंडला आले की कानात, साहेब गेले की परत गळ्यात. मी एकदा त्यावरून चिडले तर त्याने मला समजावून सांगितलं. डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बिघडायला लागली की आधी तिचा आवाज बदलतो, मग दिसायला लागतं. ज्याने कान बंद केले त्याला कळायच्या आत मशीन हात घेऊन जाते. जुन्या ऑपरेटरने त्याला पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं आणि त्याने ते पुढे नव्या पोरांना शिकवलं. त्या प्रेस शॉपमध्ये कानाने बोटं सांभाळायची, हीच रीत होती. दादाची दहाही बोटं शाबूत राहिली. त्याची किंमत कशाने चुकती होत होती ते आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

त्याचं कमी ऐकू येणं आमच्या घरात रुसव्यासारखं शिरलं. आई हाक मारायची आणि तो वळायचा नाही. आईला वाटायचं, लग्नाचा विषय काढला म्हणून रागावलाय. टीव्हीचा आवाज वाढत गेला. मी विनोद केला की तो सगळे हसल्यावर हसायचा. परीक्षणात त्याची वाक्यं आखूड होत गेली, आणि मला वाटलं कंटाळलाय, ओव्हरटाइम करून थकत असेल. त्याने कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

मग तो मेंढपाळाचा गेम आला. डोंगरावर दाट धुकं, समोरचं काही दिसत नाही, आणि हरवलेलं कोकरू शोधायचं. कोकराच्या गळ्यात घंटा. तिच्या आवाजावरून कुठे जायचं ते ओळखायचं, गेममध्ये दुसरं काही नाहीच. मी दादाला म्हटलं, हा तुझ्यासाठीच बनवलाय राव, आज तूच खेळ. त्याने आधी हेडफोनची वायर सरळ केली. मग त्याने कंट्रोलर घेतला. हेडफोनच्या दोन जोड्या होत्या, एक त्याच्या कानावर, एक माझ्या. रेकॉर्डिंग सुरू होतं.

माझ्या डाव्या कानात घंटा स्पष्ट वाजत होती. दादा उजवीकडे चालला होता. मला वाटलं मुद्दाम करतोय, लोकांना हसवायला. घंटा मागे पडली, मग परत जवळ आली, अगदी जवळ, आणि तो तिच्या बाजूने निघून गेला. तो धुक्यात गोल गोल फिरत होता आणि माइकमध्ये त्याच्या नेहमीच्या शांत आवाजात सांगत होता, "घंटा चांगली घेतलीय. लांबची कोणती, जवळची कोणती, लगेच कळतंय."

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. त्याच्या कपाळावर घाम होता. मी रेकॉर्डिंग बंद केलं आणि लाईट कमीजास्त होतेय असं काहीतरी पुटपुटले. त्याला तेही कदाचित ऐकू गेलं नसेल. त्याने कंट्रोलर खाली ठेवला, हेडफोन काढून त्याची वायर नीट गुंडाळली आणि आईला चहा मागायला बाहेर गेला. खोटं बोलताना मी त्याला आयुष्यात पहिल्यांदा बघितलं होतं, आणि ते मला अजिबात सहन झालं नाही. प्रेसवर तो रांगेतला एक ऑपरेटर होता. कान ही त्याची एकच गोष्ट होती जिच्यासाठी परकी माणसं त्याची वाट बघायची. ती गेली तर तो आमच्या त्या खोलीत कोण म्हणून बसणार होता?

पुढच्या गुरुवारी मी रजा टाकली आणि त्याला आकुर्डीला कान तपासायला नेलं. तो यायला कसा तयार झाला ते मला अजून कळलेलं नाही, मी फक्त चप्पल घाल म्हटलं आणि त्याने घातली. तिथे काचेची छोटी खोली होती. आत बसायचं, कानावर हेडफोन, हातात एक बटण. आवाज आला की दाबायचं. बाहेर तपासणाऱ्या बाई मशीनपाशी, त्यांच्या शेजारी मी. दादा पटापट बटण दाबत होता आणि मला क्षणभर बरं वाटलं. मग बाईंनी उठून त्याची खुर्ची भिंतीकडे फिरवली. तो काचेतून त्यांचा हात बघून दाबत होता. त्यानंतर बटण फार वेळ दाबलंच गेलं नाही. त्याची पाठ ताठ होती, मान थोडी पुढे, परीक्षेला बसलेल्या पोरासारखी.

बाहेर आल्यावर त्याने विचारलं, "किती बरोबर आले?"

बाईंनी समजावून सांगितलं, हळू आणि तोंड समोर ठेवून. बारीक, उंच आवाज आधी जातात, ते गेलेत. गेलेले परत येत नाहीत. कानाची मशीन लावली तर बोलणं समजायला मदत होईल, पण जे गेलंय ते होतं तसं मिळणार नाही, आणि उरलंय ते सांभाळायचं तर बोळे कानातच हवेत. दादा मान हलवत राहिला. रिक्षात तो रस्त्याकडे बघत बसला आणि मी त्याचा हात धरून ठेवला. लहानपणी तो माझा धरायचा.

मशीनचं पुढे बघू म्हणाला, पण तो बोळे घालायला लागला, टीव्ही हळू करायला लागला, आईचं बोलणं ओठांवरून ओळखायला लागला. गेमच्या खोलीत मात्र आला नाही. गुरुवारी मी आले की तो बाजारात निघून जायचा. मी एकटीने दोन-तीन परीक्षणं टाकली. खाली सगळे एकच विचारत होते, भाऊ कुठे आहेत. मी आवाजाबद्दल "आवाज चांगला आहे" एवढं बोलून पुढे जायचे, आणि ते ऐकताना माझी मलाच लाज वाटायची.

पावसाळा सरत आला असताना एका गुरुवारी तो चहाचा कप घेऊन आत आला आणि माझ्या शेजारी बसला.

"त्यो मेंढ्याचा गेम लाव," तो म्हणाला. "अर्धा सोडलाय आपण. अर्ध्या गेमवर बोलायचं नसतं."

या वेळी कंट्रोलर त्याच्या हातात, हेडफोन फक्त माझ्या कानावर. धुकं तसंच होतं. तो चालायला लागला आणि मी त्याच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. घंटा डावीकडे वाजली की डावा खांदा दाबायचे, उजवीकडे वाजली की उजवा. तो दगडांना अडखळत, ओढ्यापाशी थांबत पुढे जात राहिला. घंटा जवळ आली, अजून जवळ, आणि धुक्यातून ते कोकरू निघालं आणि त्याच्या पायाशी येऊन उभं राहिलं. दादाने कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे वळला.

"वाजतीय का आत्ता?"

मी मान हलवली.

"कशी हाय?"

घंटा माझ्या दोन्ही कानांत वाजत होती. मी म्हणाले, "छान आहे."

"छान म्हंजे कशी? पितळेची हाय का पत्र्याची? वल्ली वाटती का कोरडी? नीट सांग की."

तो माझ्या ओठांकडे बघत बसला होता. मी डोळे मिटले, पुन्हा ऐकलं, आणि मला काहीच सांगता येईना. इतकी वर्षं मी त्याच्या शेजारी बसून ऐकत होते असं मला वाटायचं. मी फक्त तो काय सांगतो ते ऐकत होते. मला रडू आलं. तो अजून थांबला होता, मी आता बोलेन म्हणून, आणि पडद्यावरचं कोकरू मान हलवत घंटा वाजवत राहिलं.