काटा पाचावर

काउको हिएतालाने पस्तीस वर्षं फिनलंडमधल्या औलू शहरातल्या कारखान्यात खरखर मोजली. रेडिओची हाक दूरवर पोचवणारा अँप्लिफायर गप्प असला तरी आतून बारीक खरखरत असतो. ती किती, हे सांगणं त्याचं काम. नव्या माणसाला तो पहिल्याच दिवशी बजावायचा, "आधी आपलं यंत्र मोज, मग दुसऱ्याच्या नावाने बोंब मार."

निवृत्त झाला, बायको गेली, आणि बोलायला एकच माणूस उरला: नॉर्वेच्या किनाऱ्यावरचा म्हातारा तूरमूद, तोही हवेतून, घरच्या हौशी रेडिओवर, दर रविवारी सकाळी दहाला. सव्वीस वर्षं गप्पा झाल्या, पण एकमेकांचा फोन नंबर घ्यायचं काही सुचलं नाही. शहाणेच दोघे!

सप्टेंबरात तूरमूद म्हणाला, "वृद्धाश्रमात निघालोय. खिडकीबाहेर अँटेनाची तार टाकू दिली तर भेटू."

त्याची तार तोकडी असणार, म्हणून काउकोने घरीच मोठा अँप्लिफायर बांधला. तेव्हापासून तो दर रविवारी हाका मारी आणि ऐकू येई नुसती खरखर. रेडिओवरचा खरखर दाखवणारा काटा पाचाखाली उतरेना. तूरमूद जिवंत आहे का, हे विचारावं तरी कुणाला? तरी शनिवारी तो न चुकता दाढी करायचा. रेडिओला काय दिसणार म्हणा.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी, दहाच्या आधीच, त्याचा संयम सुटला. तो शेजारच्या सिर्काच्या दारात उभा राहिला.

"सिर्का, तुझ्या हीट पंपाने माझा रेडिओ बिघडवलाय. दहा मिनिटं बंद कर."

"बाहेर उणे चोवीस आहे, घर गारठेल, कळतंय ना?"

"दहाच मिनिटं."

तिने पंप बंद केला, कोट चढवला आणि त्याच्यामागोमाग बघायला आली. काटा पाचावरच.

"झालं समाधान? नाचता येईना, अंगण वाकडं! आता स्वतःच्या घरात शोध."

काउको ओशाळला. त्याने एकेक बंद केलं: फ्रिज, दिवे, सौनाची भट्टी. काटा हलला नाही. उरला अँप्लिफायर. उत्तर आलंच तर पुढं बोलायला क्षणाचाही उशीर नको, म्हणून तो ऐकतानाही चालूच ठेवायचा. आता त्याने तोही बंद केला.

काटा धाडकन एकावर आला. पाच महिने तो स्वतःचीच खरखर ऐकत बसला होता.

आणि तिच्याखाली दबलेला एक बारीक आवाज वर आला.

"काउको, हा बाविसावा रविवार. इतके दिवस तू एवढा गरजायचास की इथली नर्स हसायची. मी उत्तर द्यायचो आणि तू पुन्हा विचारायचास, आहेस का म्हणून. वाटलं, रागावलायस माझ्यावर. पण आज तू हाकसुद्धा मारली नाहीस."

"अरे, बोल की!" सिर्का म्हणाली.

काउकोने माइक उचलला.

"काउको," तिकडून तूरमूदने विचारलं, "आहेस ना रे?"