पोरीनं वाचलेली सुट्टी

आमच्या घरात फोन एकच, आणि तो वाचणारी माझी पोरगी.

मी लग्न होऊन पैनगंगेपलीकडून इकडं आले. बारावी शिकलेली, पण मराठीतून, आणि इथला कारभार सगळा तेलुगूत. इतक्या वर्षांत बोललेलं थोडंफार कळायला लागलं, बाजारापुरती हिंदी जमली, पण ती गोल गोल अक्षरं काही डोक्यात शिरली नाहीत. खरं सांगू, मी शिरूच दिली नाहीत. पोरगी आहे ना वाचायला, म्हणून निवांत राहिले. तिचे बाबा दूरच्या मंडल ऑफिसात, म्हणजे इकडच्या तहसिलीत, कामाला, घरी शनिवारी येणार. रेशनचा मेसेज असो, गॅसचा असो की शाळेचा, ती इचोड्याच्या शाळेतून आली की ओट्यावर फोन घेऊन बसायची, एकेक वाचायची आणि मला मराठीत सांगायची. मी ज्वारी पाखडत ऐकायची. तेरा वर्षांची पोर, पण थाट असा, जशी काही तहसीलदारीणबाई. मला तिचं भारी कौतुक. आमचं ऑफिस घरातच आहे, असं मी शेजारणींना सांगत फिरायची.

एका सोमवारी संध्याकाळी तिनं वाचलं, उद्या शाळेला सुट्टी. मी म्हटलं बरं झालं, चल मग कापूस वेचायला. ती हो म्हणाली. एरवी वेचणीचं नाव काढलं की तिचं पोट दुखतं, डोकं दुखतं, सगळं एकदम दुखतं. त्या दिवशी लगेच हो म्हणाली, तेव्हाच माझ्या ध्यानात यायला पाहिजे होतं. पण नाही आलं.

सकाळी आठला दारात ऑटो वाजला. शाळेच्या पोरी आत दाटीवाटीनं बसलेल्या. ऑटोवाले अण्णा, आमच्या लग्नाच्याही आधीपासून गावाला माहीत असलेला माणूस, म्हणाले, सुट्टी कोण म्हणालं, आज तर परीक्षा आहे. माझा स्वभाव आधीच तापट. शेतावर न्यायची शिदोरी तशीच खाली ठेवली, पोरीचा दंड धरला आणि विचारलं, काल मेसेज काय होता? ती दंड सोडवायला बघू लागली. दुसऱ्यांदा विचारलं आणि हात उगारला मी, खोटं कशाला बोलू. मग म्हटलं, थांब, आत्ता खरं-खोटं होऊन जाऊ दे. कोनाड्यातला फोन उचलला आणि अण्णांकडून वाचून घ्यायला दाराकडं निघाले.

तिनं मागून माझा पदर धरला. लहानपणी जत्रेत धरायची तसा, मुठीत गच्च.

"आई, त्यायले नको दाखवू. मी वाचते. खरं वाचते."

तिचा आवाज ऐकून मी दारातच थांबले. मी अण्णांना जायला सांगितलं, पोरीला बरं नाही म्हटलं. दार लोटलं. आम्ही दोघी चुलीपाशी खाली बसलो आणि तिनं वाचायला घेतलं. आधी तेलुगूत, मग मराठीत, रोजच्यासारखंच. सवयच ती.

तो शाळेचा मेसेज नव्हता. कोणीतरी लिहिलं होतं की मी सांगीन तसे अजून फोटो पाठव, नाहीतर उद्या शाळेच्या गेटपाशी येऊन तुझा फोटो सगळ्यांना दाखवतो.

मी तिच्या हातातून फोन घ्यायला गेले. पण ती वाचतच राहिली, मागचे, त्याच्या मागचे, सगळे. त्यातून कळलं ते असं. ती दारापुढं मुग्गू काढते, इकडची ठिपक्यांची रांगोळी. त्याचे फोटो फोनवर सगळ्यांना दिसतील असे टाकायची. त्यावर एका मुलीनं छान छान म्हणत ओळख काढली. बासरला राहते म्हणाली. दोन महिने नुसत्या रांगोळ्यांच्या गप्पा. मग म्हणाली, तू दिसतेस कशी ते तरी दाखव. माझ्या पोरीनं माझी पेटी उघडून माझी लग्नातली, इकडच्या रीतीची लाल काठाची पांढरी साडी नेसली, लिपस्टिक लावली आणि फोटो पाठवला. त्यानंतर ती मुलगी मुलगी राहिली नाही. कोण मेला होता कोण जाणे.

तो फोटो मी पाहिला. साडी तिला हातभर लांब झाली होती, निऱ्या सुटल्या होत्या, आणि ती माझ्याचसारखी एका बाजूला मान वाकडी करून हसत होती. त्यात लाजण्यासारखं काही म्हणजे काही नव्हतं. मला रडू फुटलं.

किती दिवस चाललं होतं, विचारलं. वीस दिवस म्हणाली. म्हणजे वीस दिवस तो हे लिहीत होता आणि माझी पोर ओट्यावर बसून मला गॅसची टाकी कधी येणार ते वाचून दाखवत होती, मनानंच रचून. मी समोर बसून ज्वारी पाखडत होते.

"मले काऊन नाई सांगितलं?"

तिनं माझ्याकडं न पाहता सांगितलं, "तूच म्हटलं होतं ना वावरात. शाळा बंद करीन म्हणून."

मला आठवलं. दिवाळीनंतर वेचणीला आठ-दहा बाया होतो. बाजूच्या गावातल्या एका पोरीचं फोनवरून काहीतरी झालं होतं, त्यावर बोलणं निघालं. मी सगळ्यांत मोठ्यानं बोलले होते, की पोरींच्या हाती फोन दिल्यावर दुसरं काय होणार, माझी असती तर दुसऱ्या दिवशी शाळा बंद केली असती. माझी पोर शेजारच्याच तासात, कापसाच्या पुढच्या ओळीत होती. कमरेला ओटी बांधून, मुकाट्यानं कापूस वेचत होती. त्या पोरीला कोणी फसवलं असेल, असं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. जिभेला हाड नाही माझ्या, दुसरं काय.

मी तिला जवळ ओढलं. मोठी झाली म्हणून कित्येक महिन्यांत घेतलं नव्हतं तसं. म्हटलं, शाळा बंद होणार नाही. फोनही काढून घेणार नाही. वावरात बोलले ते चुकले मी.  मग तिनं विचारलं, बाबांना सांगणार? म्हटलं, सांगणार, पण तू माझ्या मांडीवर असताना.

मी फोन करून बोलावलं, तसे तिचे बाबा दुपारच्या बसनं आले. मला धास्ती होती, पण तो माणूस फक्त एवढंच म्हणाला की काही पुसू नका, उत्तरही देऊ नका, सगळं असंच ठेवा, पोलिसांना दाखवायला लागेल. आणि मग तिच्या केसांवरून हात फिरवत बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं मोटरसायकलवरून ठाण्यात गेलो.

तिथं एक पोलीसबाई होत्या, माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. त्यांनी तिच्या बाबांना बाहेर बसवलं, पोरीला पाणी दिलं. मेसेजचे फोटो काढून घेतले, तो नंबर बंद करायला लावला, गेटपाशी माणूस ठेवते म्हणाल्या. मग मला तेलुगूत विचारलं, तुम्हाला काही सांगायचं आहे का. तेलुगू मला बोलता येत नाही, आणि हिंदीत भाजीचा भाव करता येतो, पोरीचं दुःख सांगता येत नाही. म्हणून मी मराठीत बोलले आणि पोरीला म्हटलं, तू सांग यांना.

मी म्हटलं, हिला मी घाबरवून ठेवलं होतं, म्हणून ही बोलली नाही. तो माणूस सापडो न सापडो, ही उद्यापासून शाळेत जाईल. आणि यात माझ्या पोरीची काही चूक नाही.

तिनं तेलुगूत सांगितलं. बाईंनी लिहून घेतलं आणि मान हलवली. पण बोललेलं मला थोडंफार कळतं. शेवटचं तिनं सांगितलंच नव्हतं.

"एक राह्यलं," मी म्हटलं. "ते बी सांग."

ती टेबलाच्या कडेवर नख घासत राहिली. बाईंनी पेन खाली ठेवलं. मी तिची दुसरी मूठ माझ्या हातात घेतली आणि थांबले, आम्हाला कुठं घाई होती. मग ती बोलली, हळू, एकेक शब्द, की यात माझी काही चूक नाही. आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, वीस दिवसांचं.