प्रमिलाचा पिवळा पडदा

माझी नणंद प्रमिला सकाळी सात पंधराच्या गाडीनं पांढुर्ण्याहून सौंसरला जायची आणि संध्याकाळी साडेसातनंतर परत यायची. सात वर्षं गेली. मोहगाव मागे पडलं की बसायला जागा मिळते, असं ती सांगायची. तोवर उभं. सौंसरच्या संत्रा उत्पादक संघात ती इंग्रजी टायपिस्ट. नवरा सुरेशराव इथेच शाळेत मास्तर. त्यांचं घर आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. मुलगी विजया दिवसभर माझ्याकडे.

मी लग्न होऊन आली तेव्हा प्रमिला नऊ वर्षांची होती. तिच्या वेण्या मी घातल्या, म्हणून नणंद असली तरी आमचं अगं-तुगं. मला मूल नाही. देवाची पूजा, ही लिहायची वही आणि ती पोरगी, एवढ्यात माझा दिवस जायचा. हे सगळं आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचताना मला कोणी जास्त चांगली समजणार नाही.

अठ्ठ्याऐंशीच्या जानेवारीत संघात कॉम्प्युटर आला. गावोगावच्या बागायतदारांची नावं, कोणाची किती झाडं, कोणत्या दिवशी कोणाचा माल उचलायचा, हे सगळं त्यात भरायचं होतं. पूजा नीट येणारी सवाष्ण पाहिजे म्हणून मॅनेजर डोंगरे साहेबांनी प्रमिलाकडून मला निरोप धाडला. मी नारळ, हळदकुंकू घेऊन गेली. थंड हवेच्या खोलीबाहेर चपला काढायला लावल्या, तेव्हा मला बरं वाटलं. देवघरासारखंच की.

आत एक कपाट घरघरत होतं. खरं यंत्र ते. बाहेरच्या टेबलावर दोन पडदे ठेवले होते, प्रत्येकापुढे टायपिंगची बटणं. प्रमिला म्हणाली, "वहिनी, डोकं आत आहे, हे नुसतं तोंड. इथून बोलायचं, आतून उत्तर येते. ह्याले टर्मिनल म्हणतात."

"मग दोन तोंडं कशाला?"

"नागपूरच्या कंपनीनं महिनाभर पाहाले देले. एक ठेवायचं, एक परत. जे ठेवू तसेच चार घेणार."

एक पडदा हिरव्या अक्षरांचा. फक्त इंग्रजी. अक्षर स्थिर, बोट लागताच उमटायचं. दुसरा पिवळ्या अक्षरांचा. त्यात एक जादा कार्ड बसवलं होतं, त्यामुळे तो इंग्रजीही लिहायचा आणि आपली बाळबोध अक्षरंही. पण अक्षरं जरा थरथरायची आणि लांब यादी आली की मध्येच थिजायचा. मी दोघांनाही कुंकू लावलं. पिवळ्यावर प्रमिलानं 'श्री' लिहून दाखवलं. माझे हात आपोआप जोडले गेले.

महिना संपत आला तशी निवडायची वेळ आली आणि सगळे मागे सरकले. त्या ऑफिसची रीतच तशी. नवीन वस्तूच्या कागदावर कोणी सही करत नाही. उद्या बिघडली तर सहीवाल्याला धरतात. डोंगरे साहेब प्रमिलाला म्हणाले, "बाई, समोर तुम्ही बसणार. तुम्हीच लिहून द्या कोणता पाहिजे."

"साहेब, माझ्या बदलीचं काय? पांढुर्ण्याच्या शाखेत जागा खाली आहे."

"तुमच्या जागेवर दुसरा माणूस तयार झाला का सोडतो. लिहून ठेवा. पण आधी पडदा."

दुसरा माणूस म्हणजे श्रावण. हिंदी टायपिस्ट. इंग्रजीचं आणि त्याचं वाकडं. तो तिला चिडवायचा, "बाई, हिरवा घेतला ना, तर तुमी रिटायर होईपर्यंत इथंच. मी काही ए-बी-सी-डी शिकून नाही राहिलो आता."

"आणि पिवळा घेतला तर?"

"तर दोन महिन्यांत मी राजा, तुमी पांढुर्ण्यात!"

म्हणजे बघा. हिरवा चांगला होता, पण तो घेतला तर ती एकटीच त्याच्यापुढे बसू शकणार. पिवळा अडखळायचा, पण तो घेतला तर श्रावण शिकणार आणि ती सुटणार. आणि शाखेतली जागा काही तिच्यासाठी थांबून राहणार नव्हती.

त्याच आठवड्यात विजया मला आई म्हणाली. साडेतीन वर्षांची होती. मी भात कालवत होती. "आई, अजून मीठ." प्रमिला नुकतीच बसवरून आली होती, दारात चपला काढत होती. तिनं ऐकलं. हातपाय धुवायला मागे गेली, ती बराच वेळ आली नाही. मला ती हाक गोड लागली होती. तेही लिहून ठेवते. आणि गोड लागली म्हणूनच मी घाबरली.

दुसऱ्या दिवशी रविवार. प्रमिला माझ्या देवघरापुढे येऊन बसली.

"वहिनी, काय करू व? खरं लिहिलं तर अडकते. सुटायचं लिहिलं तर खोटं होते."

"पिवळा एवढा वाईट आहे का?"

"वाईट नाही. बागायतदाराले आपलं नाव वाचता येईल, हे केवढं चांगलं आहे. पण काम हिरव्यावरच नीट होते. माझं मन कोणीकडून बोलून राहिलं, मलेच समजत नाही."

"मग देवाला विचार. चिठ्ठ्या टाकू."

आमच्याकडे अडलं की चिठ्ठ्या टाकतात. स्थळाचं असो, घराच्या दाराची दिशा असो. एकानं लिहायच्या, लहान मुलानं उचलायची, आणि आलेली चिठ्ठी मोडायची नाही. प्रमिला विजयाचे हात धुवायला गेली. मी वहीचा कागद फाडला, दोन तुकडे केले. एकावर 'पिवळा' लिहिलं. दुसऱ्यावर 'हिरवा' लिहायला पेन टेकवलं. मागे न्हाणीत पोरगी हसत होती, प्रमिला तिला काहीतरी गाऊन दाखवत होती. मी दुसऱ्यावरही 'पिवळा' लिहिलं.

चाळीस वर्षांच्या आयुष्यात मी देवापुढे खोटा दिवासुद्धा लावला नव्हता. त्या दिवशी ते इतकं सहज लिहून झालं, याचं मला अजून नवल वाटतं.

विजयानं चिठ्ठी उचलली. प्रमिलानं उघडली, वाचली, कपाळाला लावली. दुसरी मी फुलांबरोबर गोळा केली आणि तुळशीत पुरली.

प्रमिलानं तसंच लिहून दिलं आणि चार पिवळे पडदे आले. श्रावण खरंच शिकला. दोन महिन्यांत यादी भरायला लागला. बागायतदार खिडकीतून वाकून आपलं नाव बघायचे आणि खूश होऊन जायचे. प्रमिलानं बदलीचा अर्ज दिला. घरी आली तेव्हा बसस्टँडवरून पेढे घेऊन आली होती.

पण एक गोष्ट आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. पडदा आपली अक्षरं दाखवायचा, पण तो थिजला की त्याला सोडवायचं ते आतल्या यंत्राला हुकूम देऊन, आणि तो हुकूम इंग्रजीतच द्यावा लागायचा. कोणतं काम अडलं ते शोधायचं, त्याचा आकडा लिहायचा, ते बंद करायचं. चुकीचा आकडा पडला तर दुसऱ्याचंच काम जायचं. श्रावणनं एकदा तसं केलं आणि रामाकोना गावाची सगळी यादी गेली. तेव्हापासून पडदा थिजला की तो बटणांवरून हात उचलून बसायचा.

"बाई, अटकली तुमची म्हैस!"

"तूच उठव ना आता. शिकवलं ना मी?"

"नाही बाप्पा. तुमालेच ओळखते ते."

हिरवा असता तर कदाचित असा थिजलाच नसता. पिवळे चार होते, दिवसातून पाच-सहा वेळा कुठला ना कुठला अडायचा. प्रमिला उठायची, सोडवायची, परत जागेवर. रजेच्या दिवशी संघाचा माणूस बसनं घरी यायचा. एकदा संक्रांतीचं हळदकुंकू टाकून तिला जावं लागलं.

एकोणनव्वदच्या एप्रिलमध्ये अर्जाचं उत्तर आलं. तिनं मला वाचून दाखवलं. टर्मिनलची निवड ज्या कर्मचाऱ्याच्या लेखी पसंतीनं झाली, त्यांच्याच देखरेखीखाली ती टर्मिनल राहावीत. सबब बदली करता येत नाही. पांढुर्ण्याची जागा भरली गेली होती.

तिनं कागदाची घडी केली. रडली नाही. "देवानंच सांगितलं होतं ना पिवळा. असंल त्याच्या मनात काही," म्हणाली.

हे मला ऐकवलं नाही. मी म्हटलं, "प्रमिला, देवानं नाही सांगितलं. दोन्ही चिठ्ठ्यांवर मीच पिवळा लिहिला."

तिनं घडी केलेला कागद खाली ठेवला.

"काहून?"

"तू सुटशील म्हणून."

"आणि मी हिरव्याचा कागद लिहून पर्समध्ये ठेवला होता, वहिनी. शनिवारीच. मन घट्ट करून लिहिला होता. म्हटलं अडकली तर अडकली. संध्याकाळी पोरीची हाक ऐकली आणि डगमगली. मग चिठ्ठी आली, आणि मी तो फाडला. देवाचं मोडायचं नाही म्हणून."

मी तिचे पाय धरायला वाकली. तिनं खांदे धरून उभं केलं, जरा जोरानंच. "वयानं मोठी आहेस. असं नको करू." मग हळूच म्हणाली, "हिरवा असता तरी इंग्रजीवाली म्हणून ठेवलंच असतं त्यांनी. पण तेव्हा अडकली असती ते माझ्या मनानं केलेल्या सहीनं अडकली असती."

पुढचे आठ दिवस विजया माझ्याकडे आली नाही. सुरेशराव तिला शाळेत घेऊन जायचे आणि मुलांच्या शेवटच्या बाकावर बसवायचे. नवव्या दिवशी प्रमिला स्वतः आली. सौंसरला, संघाच्या मागच्या गल्लीत एक खोली पाहिली होती तिनं.

"मी तर तिथून हलत नाही. मग हिलेच नेते. जुलैत शाळेत घालते. तिचे बाबा शनिवारी येतील."

"आणि दिवसभर? तू कामावर असताना?"

"घरमालकिणीची सून पाहीन म्हणते. शाळा सुटली का संघात येऊन बसंल माझ्याजवळ."

मी नाही म्हणायची तरी कोणत्या तोंडानं? लाडवांचा डबा भरला, स्वेटर दिला, पोरीच्या गळ्यात ताईत बांधला. बांधताना थांबली आणि प्रमिलाला विचारलं, "बांधू का?" ती म्हणाली, "बांध." एवढंच.

गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली. पहिल्यांदाच इथून बसायला मिळालं, असं सुरेशराव म्हणाले. विजयानं गजातून हात बाहेर काढला.

"मामी, तू काहून नाही येत?"

ती मला मामी म्हणाली. प्रमिलानं शिकवलं असेल, किंवा तिचं तिलाच समजलं असेल.

"माझं इथं देवाचं आहे ना सगळं," मी म्हटलं.

प्रमिला समोर बघत होती. कंडक्टरनं दार आपटलं. गाडी वळणापर्यंत दिसली, मग स्टँडवर धूळ तेवढी राहिली. सुरेशराव शाळेच्या रस्त्याला लागले आणि मी घरी आली.