बिनचेहऱ्याचे बाबा

ठमी चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिचं घोडं एका व्यक्तिचित्रापाशी अडलं होतं. चेहरा न काढता माणूस दाखवायचा, असं काम मॅडमनी दिलं होतं. ठमीने आधी वितळणारी मेणबत्ती काढली, मग पिंजऱ्यातला पक्षी. मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला.

"हा पक्षी दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या कागदावर येऊन बसतो. तुझ्या ओळखीचं माणूस घे की!"

ओळखीचं म्हणजे घरचं. बाबा नुकतेच निवृत्त झाले होते. सगळी उमर त्यांनी लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवली, बोलणं कामापुरतं. ठमीने त्यांची खिडकीजवळची खुर्ची काढली, तिच्यावर चष्मा, पाठीला अडकवलेला कामावरचा निळा कोट. चित्र वाळायला बाहेरच्या खोलीत ठेवलं, तर आई किंचाळलीच.

"अगं, माणूस धडधाकट आहे अजून! आत्तापासून भिंतीवर टांगतेस होय?"

बाबांनी बराच वेळ पाहिलं. "खुर्ची छान जमलीय," ते म्हणाले. "पण तो कोट काढून टाक बाई. सुटलो एकदाचा त्यातून."

ठमीचं तोंड एवढंसं झालं. कोट वगळला तर बाबांबद्दल आपल्याला काय ठाऊक आहे, हेच तिला सांगता येईना. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी ते फिरायला निघाले, तशी तीही गुपचूप मागोमाग निघाली.

बाबा बागेकडे वळलेच नाहीत. दवाखान्यामागच्या गल्लीतून ते थेट पोहण्याच्या तलावाच्या फाटकात शिरले. ठमी जाळीपाशी थांबून बघते तर काय, थोड्याच वेळात बाबा टोपी कानांवर ओढून कमरेएवढ्या पाण्यात उभे! हातात तरंगणारी लाल फळी. शिकवणारी बाई काठावरून ओरडत होती, "काका, पाय मारा! फळी कुठे पळून जात नाही, तिचा गळा नका आवळू!"

बाबा जरा पुढे गेले, नाकातोंडात पाणी गेलं, उभे राहिले, खोकले आणि पुन्हा फळीला भिडले. तेवढ्यात त्यांना जाळीपलीकडे लेक दिसली.

"आईला बोलू नकोस," बाहेर येताच ते म्हणाले. "हसेल ती."

"पण बाबा, पोहायचं मध्येच कुठून काढलंत?"

बाबा कान पुसत राहिले. "लहानपणी सगळी पोरं नदीवर जायची. मी नाजूक म्हणून मला पाण्यात उतरायची बंदी. मग मी काठावर बसून सगळ्यांचे कपडे राखायचो. आता म्हटलं, उतरून तर बघू. भीती वाटते गं. रोज वाटते."

बाबांना एवढं सलग बोलताना ठमीने कधी ऐकलं नव्हतं.

ती रोज तलावावर जाऊ लागली. पहिल्या कागदात तिने नदी, पोरं, कपडे, मासे असं सगळंच कोंबलं आणि नुसती गिचमिड झाली. तो फाडला. शेवटी उरलं ते असं: कागदभर पाणी, लाल फळी आणि ती घट्ट धरलेले दोन हात, बोटांची पेरं पांढरी पडलेली. मागे बाकावर नीट घडी केलेला एकाच माणसाचा सदरा.

"घाबरलाय हा माणूस," मॅडम म्हणाल्या. "पण निघूनही जात नाहीये. कोण गं?"

"माझे बाबा."

मॅडमनी पाणी जड झाल्याचं सांगितलं, बाक पुन्हा काढायला लावला. गुण बरे पडले, पहिला नंबर काही आला नाही. पण चित्र प्रदर्शनात लागलं आणि आई-बाबा दोघं बघायला आले. आई चित्रापुढे थबकली.

"हा अंगठा यांचा आहे. लिफ्टच्या दारात चेंगरलेला, नख वाकडं झालेलं. मीच पट्टी बांधायचे." मग ती बाबांकडे वळली. "तरीच रोज फिरून येता आणि केस ओले! मला का नाही सांगितलंत?"

"हसशील असं वाटलं."

"हसलेच असते," आई म्हणाली. "पण बघायला आले असते."

दुसऱ्या दिवशी ती खरंच गेली, आणि बाबांच्या नाकात पाणी गेल्यावर खरंच हसली. बाबांनाही हसू फुटलं, त्यामुळे आणखी पाणी गेलं. पुढे उन्हाळा संपायच्या आत बाबांनी फळी सोडून तलावाची रुंदी पार केली. त्या क्षणाचं चित्र मात्र ठमीकडे नाही. ती तेव्हा आईशेजारी उभी राहून ओरडत होती.