साथ आणि पात

आमच्या चांद्यात त्या काळी एखादी गोष्ट सुरू करायची म्हणजे आधी तिचं अध्यक्षपद भरावं लागे. वाचनालयाला पुस्तकं मागाहून आली, अध्यक्ष आधी. तरुण वादकांसाठी मार्गदर्शन योजना निघाली तेव्हाही हाच क्रम राहिला. शहरातले एक नावाजलेले वकील अध्यक्ष झाले. प्रत्येक तरुण वादकाला एक वडीलधारा मार्गदर्शक असावा असं ठरलं, आणि एक डॉक्टर, एक हेडमास्तर, जंगलाचे ठेके घेणारे एक शेठ आणि खुद्द अध्यक्ष अशी निवड झाली. यांच्यातल्या कुणालाही व्हायोलिनची खुंटी कोणत्या बाजूला पिळायची हे ठाऊक नव्हतं. पण उद्घाटनाला त्यांनी हार घालून घेतले आणि मार्गदर्शन या विषयावर इतका वेळ बोलले, की आम्हाला वाजवायला वेळच उरला नाही. ते एका परीनं बरंच झालं. आम्हाला तेव्हा वाजवता येत नव्हतं.

खरं शिकवणारा माणूस निमंत्रणपत्रिकेत सगळ्यात खाली होता, ‘सहाय्यक’ म्हणून. ते मूळचे गोव्याचे. मूकपटांच्या दिवसांत नागपूरच्या थेटरात पडद्याखाली बसून व्हायोलिन वाजवत. पडदा बोलायला लागला तशी पडद्याखालची माणसं गप्प झाली. मग ते बल्लारशाला रेल्वेच्या साहेबलोकांच्या नाचासाठी वाजवू लागले. साहेब विलायतेला गेले, आणि मास्तर चांद्याला आले. शिकवण्यांवर त्यांचं कसंबसं भागे, पण एक हट्ट त्यांनी सोडला नव्हता. चार तंतुवाद्यं, चार माणसं आणि एक खोली. पुढं गवई नाही, बाजूला तबला नाही, समोर उभं राहून काठी हलवणारा नाही. प्रत्येकाची ओळ वेगळी, आणि चारी ओळी मिळून एक गाणं. त्यासाठी त्यांनी स्वतः एक छोटी चीज लिहिली होती.

पहिलं व्हायोलिन अध्यक्षांच्या मुलाकडे होतं. तो चांगला वाजवायचा, आणि हे आपल्याला कुणी सांगावं लागू नये एवढी त्याची तयारी होती. दुसरं व्हायोलिन माझ्याकडे. मी शाळामास्तरांची मुलगी. मुलीच्या जातीला व्हायोलिन चालतं, कारण त्यात तोंड उघडावं लागत नाही, असं माझ्या आत्याचं मत होतं. चेलो एका मुसलमान शिंप्याच्या मुलाकडे आला, कारण त्याचे मामू सारंगी वाजवत आणि एवढं मोठं वाद्य मांडीपाशी धरायची हिंमत त्याच्याखेरीज कुणात नव्हती. त्याच्या वडिलांनी तंबूच्या कापडाची गवसणी शिवून दिली. ती घालून चेलो मोटारीत चढवला की कंडक्टर विचारी, “हा कोण? बिमार आहे का?” आणि शिंप्याचा मुलगा गंभीरपणे सांगे, “सारंगीचे अब्बा हैं. उमर झाली, झोपू द्या.”

चौथं वाद्य व्हायोला. दिसायला व्हायोलिनच, जरा थोराड, आवाज खालचा. शहरात कुणी ते नाव ऐकलेलं नव्हतं, त्यामुळं मास्तरांचा उच्चार चुकतो असाच सर्वांचा समज होता. हेडमास्तर संस्कृतचे. त्यांनी व्हायोला हे व्हायोलिनचं स्त्रीलिंगी रूप असल्याचा निर्वाळा दिला. ज्याच्या हातात ते वाद्य होतं तो म्हणाला, “मंग हिच्याशी लगन लावा लागते का काय जी?”

हा मुलगा आरमोरीकडचा. घरी धानाची शेती. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रांच्या, दिवसांत गावोगाव नाटकं होत, त्यांत तो लहानपणापासून व्हायोलिनची साथ करायचा. चांद्याला मामाकडे राहून लाकडाच्या टालावर काम करी आणि संध्याकाळी मास्तरांकडे येई. आमच्यात सूर त्याचाच सगळ्यात पक्का होता, आणि म्हणूनच मास्तरांनी मधला भाग त्याला दिला होता. योजनेच्या शेवटी नागपूरहून एक जाणकार येणार आणि एका वादकाला दोन वर्षं नागपुरात शिकायला नेणार, राहण्याजेवणाची सोय करून, असं ठरलेलं होतं. पुढं रेडिओवर वाजवायला मिळण्याचीही आशा होती. आम्हां तिघांना ही जागा मिळाली तर बरी होती. त्याला मिळाली नसती तर त्याचं वाजवणंच संपणार होतं. त्याच्या बापानं स्पष्ट सांगितलं होतं, “यंदा पाहू. नाई जमलं त पुढच्या सालापासून नांगर तुह्या हाती. दोन डगरीवर पाय ठेवून शेती होत नाई.”

अशा माणसाच्या वाट्याला जिथं कुणाचं लक्ष जात नाही ती मधली ओळ आली होती. मी एकदा त्याला तसं म्हटलंही. तो म्हणाला, “बाई, भाजीतलं मीठ कोनाले दिसते?” हे वाक्य तो कुणाकडून तरी ऐकून आला होता, आणि बोलताना त्याचा स्वतःचाही त्यावर फारसा विश्वास नव्हता.

पहिले दोन-तीन महिने आमचं गाणं सुरूच होईना. मास्तर मान हलवून इशारा देत, आणि आम्ही चौघंही एकमेकांच्या गजाकडे पाहत बसत असू. पंगतीत पहिला घास कुणी घ्यावा यासाठी माणसं खोळंबतात, तसं. त्यातून सूर निघालाच तर व्हायोला सगळ्यांच्या मागून यायचा.

“बाबा, तू उशिरा येतोस,” मास्तर म्हणाले.

“उशिरा नाई जी, मांगून येऊन राह्यलो. साथ मांगूनच करतेत. गाणाराच्या पुढं गेलं त नाटकात जोडा भेटते.”

“इथं गाणारा कोण आहे?”

त्यानं गजानं अध्यक्षांच्या मुलाकडे दाखवलं. “हे.”

“मी?” अध्यक्षांचा मुलगा दचकला. “मी तर चेलोची वाट बघतोय!”

“और मैं तुम्हारी,” शिंप्याचा मुलगा म्हणाला.

मी तिघांचीही वाट पाहत होते. आम्ही सगळे साथ करतच मोठे झालो होतो. कुणी नाटकातल्या राजाच्या मागं, कुणी बैठकीतल्या गवयाच्या मागं, मी शाळेच्या प्रार्थनेच्या मागं. पुढच्यानं सूर काढला की त्याच्या सावलीत चालायचं, हीच आमची विद्या होती. मास्तरांनी कपाळाला हात लावला. “चार नोकर, आणि मालक घरी नाही! असं कसं चालणार, बाबा?”

आरमोरीवाला थोडा वेळ व्हायोलाच्या तारा पुसत बसला. मग म्हणाला, “मास्तर, तुमाले साथ नाईच पाह्यजे. तुमाले पात पाह्यजे.”

“पाट? पाट कशाला? जेवायचं आहे?”

“पाट नाई जी, पात. रोवणीची.” आणि त्यानं आम्हाला सांगितलं. धानाच्या बांधीत, खाचरात म्हणा, बाया एका ओळीत वाकून उभ्या राहतात. ती ओळ म्हणजे पात. हातातले पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, आपापल्या पुढ्यात रोवत सगळ्या एकदम मागं सरकतात. एक-दोन-तीन कुणी म्हणत नाही. कुणी कुणाकडे पाहतही नाही, पाहिलं तर हातातला पऱ्हा वाकडा जातो. “एखादी मांगं राह्यली का पातीले पोट येते. मंग बाजूची तिले कोपरानं ढोसते आन् म्हनते, काऊन वो, झोप लागली का?”

“पण त्यांच्यावर मुकादमीण असेल ना?” अध्यक्षांच्या मुलानं विचारलं.

“असते ना. ते बांधावर बसून पान खाते.”

आम्ही सगळे हसलो. आमच्या चारही मार्गदर्शकांचा विषय कुणी काढला नाही. काढायची गरज नव्हती.

मास्तर मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, “दाखव.” मग मास्तरांच्या अंगणात आम्ही पाच जण कमरेत वाकून, हातात काल्पनिक पऱ्हे धरून, मागं मागं सरकू लागलो. अध्यक्षांच्या मुलाचं इस्त्रीचं धोतर दोनदा पायात आलं. शेजारच्या काकू कुंपणावरून पाहत होत्या. त्यांना राहवलं नाही.

“काय हरपलं जी मास्तर?”

“सूर हरपला, काकू,” आरमोरीवाला वाकूनच म्हणाला.

“मंग असा वाकून काय सापडते? पोराले झाडू माराले सांगा!”

त्या दिवसापासून मास्तरांनी आमच्या खुर्च्या इतक्या जवळ आणल्या की कोपराला कोपर लागे. कुणाच्या गजाकडे पाहायचं नाही. शेजारच्याचा श्वास ऐकायचा, खांदा ओळखायचा, आणि आपली ओळ आपल्या पुढ्यात रोवत जायची. चुकलं की ढोसणी मिळे. मला सगळ्यांत जास्त मिळाल्या, कारण माझ्या दोन्ही बाजूंना पक्के लोक होते. हळूहळू गाणं सुरू व्हायला लागलं, मग मधल्या वळणापर्यंत जाऊ लागलं, आणि एका संध्याकाळी ते शेवटाला पोचलं तेव्हा आम्ही इतके चकित झालो की आणखी काही वाजवायचं उरलंय का म्हणून मास्तरांकडे पाहत राहिलो.

नागपूरचे जाणकार हिवाळ्यात आले. म्हातारे, बुटके, कानाला मफलर गुंडाळलेले. सभागृह शाळेचं. मार्गदर्शकांच्या खुर्च्या मंचावर, आमच्या खुर्च्या मंचाच्या कडेला, आणि मास्तरांना खुर्ची नव्हती. भाषणं झाली. मार्गदर्शनाचं महत्त्व यावेळी अधिक विस्तारानं सांगण्यात आलं, आणि जाणकारांनी मफलर काढायला घेतला होता तो परत गुंडाळला. शेवटच्या रांगेत आरमोरीवाल्याचा बाप बसला होता. सकाळच्या मोटारीनं आला होता आणि मामाच्या घरी मुलाची वळकटीही बांधायला सांगून आला होता.

आम्ही वाजवलं. चांगलं वाजवलं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. टाळ्या पडल्या, पण जरा गोंधळलेल्या, कारण नेमकं कुणाकडे पाहून टाळ्या वाजवायच्या हे लोकांना कळेना.

अध्यक्ष उठले. “आता प्रत्येकानं स्वतंत्रपणे आपला भाग वाजवावा. म्हणजे निवड करणं सोपं जाईल.”

मास्तर भिंतीपाशी उभे होते. ते म्हणाले, “साहेब, हे स्वतंत्र वाजवायचं नाही.” पण सहाय्यकाचं म्हणणं सभेत ऐकू जात नसतं.

पहिल्या व्हायोलिनची चाल सुरेख होती, ती एकटीही सुरेखच वाटली. माझं लोकांनी सहन केलं. चेलोचा आवाज पोटात घुमतो, त्यामुळं तोही आवडला. मग व्हायोला. त्याच्या ओळीत दोन सूर, मग थांबणं, पुन्हा तेच दोन सूर, मग एक लांबच लांब खालचा सूर. तेवढंच. एकट्यानं वाजवताना ते गाणं वाटेचना. लोक खुसखुसले. शेठजी मंचावरून मोठ्यानं म्हणाले, “मोटर चालू होऊन नाई राह्यली वाटते!” त्यावर सभागृह मनसोक्त हसलं. आरमोरीवाल्याचा बाप मात्र खाली, आपल्या वहाणांकडे पाहत होता.

“ठीक आहे, पुरे,” अध्यक्ष म्हणाले.

आरमोरीवाला उठला नाही. जाणकारांकडे वळून म्हणाला, “जी, एक इनंती हाय. आता मले काढून वाजवाले लावा.”

“काढून म्हणजे?” अध्यक्षांनी विचारलं.

“मी बसतो गुपचूप. हे तिघं वाजवतीन. मंग तुमी सांगा.”

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. जाणकारांनी हात वर केला आणि आम्हाला म्हणाले, “वाजवा.”

आम्ही तिघांनी सुरुवात केली. समोरचा दात पडलेला माणूस बोलतो तेव्हा शब्द सगळे कळतात, पण मधून वारा जातो. तसं झालं. थोड्या वेळापूर्वी वाहवा मिळवलेली चाल वर कुठं तरी लोंबकळत होती. चेलो खाली एकटाच घुमत होता. मी मधे पडून काही जोडायचा प्रयत्न करत होते आणि माझं बळ पुरत नव्हतं. अध्यक्षांच्या मुलाच्या कपाळावर घाम आला. त्याला वाटलं असतं तर तो जोर लावून एकटाच चमकून गेला असता. ते त्याला येत होतं. पण त्यानं चाल जशी होती तशीच वाजवली, भोकासकट. त्याबद्दल मी त्याला पुढं पुष्कळ गोष्टींची माफी देत आले.

अर्ध्यावर जाणकारांनी बोटानं खूण केली. आरमोरीवाल्यानं व्हायोला हनुवटीखाली घेतला आणि कुणाच्या गजाकडे न पाहता आत आला. तेच दोन सूर. सभागृहात आता कुणी खुसखुसेना. शेठजी “अरे!” म्हणाले आणि आपण ते मोठ्यानं म्हटल्याचं लक्षात येऊन खोकले.

संपल्यावर जाणकारांनी त्याला विचारलं, “आत येताना तू कुणाच्या आधारानं आलास?”

“कोनाच्याच नाई जी. तेच जागा माही होती.”

“याला पाठवा,” जाणकार अध्यक्षांना म्हणाले.

अध्यक्ष सभ्य गृहस्थ होते. स्वतःच्या मुलाची बाजू त्यांनी योजनेच्या नावानं मांडली. “पण योजनेच्या दृष्टीनं पहिलं व्हायोलिन अधिक...”

“पहिली व्हायोलिनं नागपुरात मला हवी तितकी मिळतात, वकीलसाहेब,” जाणकार म्हणाले आणि मफलर सारखा करत उठले.

बाप मंचाशी आला. आधी त्यानं मुलाकडे पाहिलंच नाही, जाणकारांनाच म्हणाला, “जी, हा काय वाजवून राह्यला ते मले काई समजलं नाई. पन हा गप बसला तवा समजलं.” मग मुलाकडे वळला. “वळकटी बांधलीच हाय. आरमोरीच्या जागी नागपूरच्या मोटारीत टाक.”

“आन् नांगर, बाबा?”

“नांगराले गडी भेटते. तू तं तसाही नांगराचा तास वाकडाच पाडत होता.”

मोटर स्टँडवर समितीनं त्याला निरोप दिला. मार्गदर्शकांनी आपल्या मार्गदर्शनाला आलेल्या फळाबद्दल समाधान व्यक्त केलं. अध्यक्षांचं वाक्य मधेच असताना ड्रायव्हरनं मोटर सुटायची वेळ झाली म्हणून हॉर्न वाजवला, आणि मोटर निघून गेली. हार आरमोरीवाल्यासाठी आणलेला होता, तो शेठजींच्या हातात राहिला. त्यांनी तो स्वतःच घालून घेतला.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं मास्तरांकडे जमलो. व्हायोला मास्तरांचा होता, तो खुर्चीवर तसाच ठेवलेला. त्यांनी तो उचलून माझ्या हातात दिला.

“मी? माझं दुसरं व्हायोलिन आहे ना, मास्तर.”

“दुसरं व्हायोलिन कुणीही शिकेल, बाई. तू तिघांचं ऐकत बसतेस. मधल्या ओळीला असंच माणूस लागतं.”

आठवडाभर हनुवटी दुखत होती आणि डावा हात पुरत नव्हता. माझ्या जागेवर बसायला मुलगा शोधायला मात्र वेळ लागला नाही. ती खुर्ची पहिल्या व्हायोलिनच्या शेजारी होती, आणि चांद्यातल्या पुष्कळ मुलांना तेवढं पुरेसं होतं.